डोणीतलं कासव

ही गोष्ट मी आजवर कुणालाच, अगदी बायकोलाही सांगितलेली नाही. काल शेजारी कुणीतरी किड्यांची पावडर मारली आणि त्या वासानं चिंचवडची म्हातारी डोळ्यांपुढे आली. मी तेव्हा कारखान्यात नवा होतो आणि तिच्या पडवीत भाड्यानं राहायचो. विहिरीजवळच्या दगडी डोणीत तिचं एक कासव होतं, फौजेत गेलेल्या मुलानं पवना नदीतून आणलेलं. मुलाची पत्रं मी वाचून दाखवायचो, उत्तरंही मीच लिहायचो. त्याची पहिली चौकशी कासवाची असे. ती आठ दिवस लेकीकडं खेडला निघाली तेव्हा म्हणाली, "बांधावरचेच नाकतोडे घाल रं त्याला. हिवतापवाल्यांनी भिंतीला औषध मारलंय, तिथलं काय उचलू नगं. शेजारणीच्या कोंबड्या त्यानंच गेल्या." मी म्हणालो, "हो आजी." तीन दिवस बांधावर गेलोही. चौथ्या दिवशी लागोपाठ दोन पाळ्या करून आलो, पाय उचलवत नव्हते, आणि भिंतीखाली नाकतोडे, झुरळं तंगड्या झाडत आयती पडली होती. मूठभर उचलली. कासवानं ती माझ्या बोटांतून खाल्ली. दुसऱ्या दिवशी ते मान बाहेर टाकून थरथरत राहिलं, संध्याकाळी थांबलं. मी ते नदीकाठी पुरलं आणि ती परतल्यावर निसटलं म्हणून सांगितलं. "नदीचं व्हतं, नदीला गेलं. लिही त्याला तसं," ती म्हणाली. मी लिहिलं, चांगल्या अक्षरात. म्हातारी आता नाही. मुलगा निवृत्त होऊन त्याच घरात राहतो, असं ऐकतो. त्याला एक खरं पत्र मी अजून देणं लागतो.