सुरतेला नेलेला ससा

मी मुळातच भित्रा. नंदुरबारला गाडीत बसलो तेव्हा मांडीवर डबा होता आणि डब्यात हळद-मीठ चोळलेला ससा. शिकार म्हणजे गुन्हा. त्यात सुरतेत प्लेग येऊन जेमतेम वर्ष झालेलं, मेलेलं जनावर म्हटलं की लोक दचकायचे. पण तिथंच लिंबायतला दिलेली माझी धाकटी बहीण शोभा सात महिन्यांची पोटुशी, आणि बाईसाहेबांना डोहाळे लागले ते सशाच्या रश्श्याचे! मामानं ससा मारला, आईनं हुकूम सोडला, हमाली माझ्याकडे आली.

नवापूरला एक खाकी कपडेवाला समोर येऊन बसला.

"डब्यात काय?"

"लोणचं."

"कशाचं?"

"आंब्याचं," म्हणालो आणि डब्याचं झाकण घट्ट दाबलं. बारडोलीला तो उतरला आणि साखर कारखान्याच्या गेटवर आपली ड्यूटी असल्याचं सांगून गेला. तोवर मी बाहेरचा ऊसच बघत बसलो होतो.

उधन्याहून रिक्षा केली. लिंबायतच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी यंत्रमागांचा खडखडाट. शोभाची खोली माडीवर, खाली घरमालकीण जमनाबेन. खोली देतानाच त्यांनी बजावलं होतं, घरात अंडंसुद्धा चालणार नाही. मटण शिजल्याचं कळलं तर खोली गेलीच, आणि अशा अवस्थेत शोभानं जायचं कुठं? मेहुणे पांडेसऱ्याला कामावर. म्हणजे जे काय होईल ते माझ्याच डोक्यावर.

जमनाबेन चारला देवळात गेल्या आणि आम्ही स्टोव्ह पेटवला. कुकरची शिटी सगळ्या गल्लीला ऐकू गेली असती, म्हणून भगुन्यातच (पातेल्यात) सगळं टाकलं: ससा, वांगी, बटाटे, सुरती पापडीच्या शेंगा आणि आईनं दिलेला काळा मसाला. झाकणावर पाणी ठेवलं. पण रानातला जीव, शिजता शिजेना! वास मात्र दहा मिनिटांत जिन्यापर्यंत गेला.

"भाऊ, भलता वास येस रे," शोभा कुजबुजली. मी खिडकीला चादर लावली. 

शेवटी मांस शिजलं. आमच्याकडे रानातलं मांस पोटुशीनं खाण्याआधी पहिला घास हळद-कुंकू लावून पानावर ठेवतात, उंबऱ्याबाहेर, आणि मागं न बघता परततात. आईनं तीनदा बजावलं होतं. खोलीला उंबराच नव्हता. मग मी शहाणा खाली गेलो आणि घराच्या उंबऱ्याबाहेर पान ठेवून आलो.

शोभा पहिला घास घेणार, तोच खालून किंकाळी आली. घरात त्यांची सून तापानं पडली होती म्हणून जमनाबेन लवकर परतल्या होत्या.

"कोईए मूठ मारी! मारी वहुने मारी नाखशे!" (कुणीतरी मूठ मारली, माझ्या सुनेला मारून टाकील.)

उंबऱ्याबाहेरचं माझं पान त्यांनी बघितलं होतं. शोभानं ताट सरकवलं.

"मी सांगी देस तिले."

"येडी शे का? खोली जाई!"

"ती भ्याई गई ना रे," ती म्हणाली आणि कठडा धरून उतरलीसुद्धा. मी मागोमाग.

"मासी, मूठ नथी. मटन छे. मने खावानुं मन थयुं." (मूठ नाही, मटण आहे. मला खावंसं वाटलं.)

जमनाबेन पानाकडे बोट दाखवत होत्या. "खाली मटन ज ने?" (नुसतं मटणच ना?) त्यांनी दोनदा विचारलं. मग मटकन पायरीवर बसल्या. भीती उतरली तसा राग चढला: बाळंतपण झालं की खोली खाली करा! आणि पायरीवर दोन बादल्या पाणी ओतलं.

वर येऊन शोभानं तीन भाकरी खाल्ल्या, डोळे पुसत पुसत. मला एक घास गेला नाही.

दुसऱ्या दिवशी रिकामा डबा घेऊन परत निघालो. खाकीला भ्यालो, वासाला भ्यालो, आणि आमच्याच घासाला भिऊन दुसऱ्या बाईचा जीव जाईल की काय अशी वेळ आली, ते मात्र माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. ते शोभाच्या आलं. याची लाज अजून वाटते.

अडीच महिन्यांनी तिचं पत्र आलं: "मुलगी झाली. शेकशेगडी जमनामासीच करतात. खोलीचा विषय त्या काढत नाहीत, मीही काढत नाही. भाऊ, बघायला ये, पण डबा आणू नकोस."