उलट्या दातांची शिवण

नाव वाचून ट्रम्पेट ओळखायला निघालेला माणूस दिसला, की ट्राउडल मॉर्गनरच्या मस्तकात तिडीक जायची. "नाव काय वाचतोस मेल्या? ते दुकानदाराचं! करणाऱ्याला कोण विचारतंय?" आणि खरंच होतं ते. आमच्या मार्कनॉयकिर्शेनमध्ये घरोघरी पितळ ठोकलं जायचं, पण भोंग्यावर नाव कोरलं जायचं लाइपझिगच्या नाहीतर व्हिएन्नाच्या व्यापाऱ्याचं. म्हणून कुणाच्या माळ्यावर जुनं ट्रम्पेट सापडलं, की ते टॉवेलात गुंडाळून शहात्तर वर्षांच्या ट्राउडलकडे यायचं.

ती आधी भोंग्याचा काठ चाचपायची. जर्मन सिल्वरची नक्षीदार पट्टी आहे की नुसती तार वळवलीय? थुंकी काढायची खटकी मूळची, की मागाहून डकवलेली? आणि सगळ्यात शेवटी शिवण. पत्र्याच्या एका कडेला दात कातरायचे, ते दुसऱ्या कडेत अडकवायचे, डाख देऊन ठोकून सपाट करायचं. मग कितीही घासा, दातांची पुसट रेघ राहतेच. "माणूस खोटं बोलेल, शिवण नाही बोलायची," असं म्हणून ती साल सांगायची. तिचं साल कधी चुकलं नव्हतं.

त्या गुरुवारी शाळेतले येन्स मास्तर आले तेव्हा शेजारचा लोटार तिच्याकडे बटाट्याच्या किसाची धिरडी, आमच्याकडचे बाम्बेस, चापत बसला होता. लोटार झडपा बनवणारा, जन्मभर. वय एकोणऐंशी, दात चार, जीभ मात्र शाबूत.

मास्तरांनी टॉवेल सोडला. "आनंद पोटात मावत नाहीये बघा!" मास्तर हसतच म्हणाले. "तुमच्या वडिलांच्या हातचं ट्रम्पेट, बाई! आडोर्फच्या बँडवाल्याच्या नातवाकडे मिळालं. शाळेच्या प्रदर्शनात मधोमध ठेवणार. 'आर्नो मॉर्गनर, १९३६.' झडपांच्या आत सालच कोरलंय. तुम्ही फक्त हो म्हणा."

ट्राउडलनं भोंगा उजेडाकडे वळवला आणि शिवणीवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवलं. दात उलटे कललेले होते. डावऱ्या हाताने कातरलेले. आर्नो उजवा होता. गावात डावरी एकच होती, ती स्वतः.

शेहेचाळीस साली बाप युद्धकैदेतून परतला तो थरथरते हात घेऊन. कॉफीचा कप ओठांपर्यंत जाईना, तिथे कात्री कसली धरतोय! तेव्हा तेरा वर्षांची ट्राउडल कामाला बसली. तो शेजारी बसून सांगायचा, ती कातरायची, ठोकायची. बाहेर मात्र चकार शब्द नाही. हात गेलेल्या कारागिराला कोण विचारणार? आणि पोरीने केलेलं ट्रम्पेट तर कुणी फुकटसुद्धा घेतलं नसतं. बाप एकसष्ट साली गेला, तरी तिने तोंड उघडलं नाही.

आता नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. बाप छत्तीस सालचा, धडधाकट हातांचा राहिला असता. पण समोर शिवण होती. खोटं साल सांगायचं, तेही आपल्याच शिवणीवर हात ठेवून? आणि खरं सांगावं, तर दात कुणी कातरले हेही आलं, आणि बापाचे गेलेले हात चव्हाट्यावर आले!

"बाई, काय झालं?" मास्तर घाबरले.

"झडपा छत्तीसच्या," ती कशीबशी म्हणाली. "भोंगा... भोंगा एकोणपन्नासचा. झडपांवरून साल काढू नये, मास्तर. तेव्हा नव्या मिळायच्या नाहीत, जुन्याच बसवायचे." मग तिने डावा हात टेबलावर ठेवला. "दात मी कातरलेत. बाबांना माफ करा. लबाडी नव्हती हो ती."

मास्तरांनी भोंगा उचलून शिवण निरखली. लोटारने मात्र सफरचंदाचा मुरंबा बोटाने चाटला.

"झालं सांगून? मला ठाऊक आहे."

"तुला काय ठाऊक?"

"त्या झडपा मीच बसवल्यात, बये! आर्नोकाका हा भोंगा घेऊन आला होता आमच्याकडे. माझ्या बापासमोर आपटला न् म्हणाला, 'ही माझ्या ट्राउडलची शिवण. काढ खोड!' पुढे दारूच्या पिठ्यात बसून सगळ्यांना सांगायचा. अर्ध्या गावाला माहीत होतं."

"आणि मला एकाने सांगितलं नाही?"

"त्याने शपथ घातली होती ना. म्हणायचा, 'पोर माझी अब्रू राखतेय. राखू दे. तिला कळलं की मीच फोडलं, तर हिरमुसेल.'"

"साठ वर्षं, लोटार! साठ वर्षं तोंड शिवून बसले मी!"

"मग? शिवण तुझीच, उसवेल कशी?"

तिला हसू आलं, आणि हसता हसता असं रडू कोसळलं की मास्तर पाणी आणायला धावले. बाबा एकदा तरी तोंडावर म्हणाले असते! पण म्हणाले होते, अख्ख्या गावाला म्हणाले होते, हेही काही कमी नव्हतं.

प्रदर्शनातल्या कार्डावर मास्तरांनी लिहिलं: 'भोंगा: ट्राउडल मॉर्गनर, १९४९. शिकवणारे: आर्नो मॉर्गनर.' त्या दिवशी ट्राउडल शिवण बघायला वाकलीच नाही. कार्डासमोर उभी राहून नाव वाचत होती. परत येऊन पुन्हा वाचत होती.