पायाला न सांगितलेली गोष्ट

दुष्काळाच्या वर्षांत आमच्या कॉलनीत पाण्याचा टँकर आला की गल्लीतला एक जण मोटारसायकलवर हमखास हजर. वडिलांच्या काळातली ती गाडी त्यानं खटपट करून बिनगिअरची केली होती. क्लच गेल्यानं डावा हात मोकळा झाला आणि टाकीवरचा पाण्याचा कॅन धरायची सोय झाली. तरी गिअरचा दांडा तसाच होता आणि प्रत्येक वळणावर तो त्याला पायानं पूर्वीइतक्याच जोरात दाबायचा.

"हा कशालाच जोडलेला नाय ना?" मी विचारलं.

"नाय. पण गिअर गेल्याचं पायाला अजून सांगितलं नाय, भाऊ. उगं मनाला लावून घ्यायचा!"

पुढं घरोघरी नळ आले. परवा तो सिग्नलला दिसला. टाकीवर कॅन नव्हता, तरी डावा हात त्याला कवेत घेतल्यासारखा. नळाचं हातालाही सांगायचं राहिलं असावं.