सीईटीच्या सकाळचं दही

दह्याचं नाव काढलं की अजूनही माझ्या तोंडाला पाणी सुटतं, पण ते ओकारीच्या आधी सुटतं तसलं. लग्नाच्या पंगतीत कोशिंबीरवाला आला की मी पानावर आडवा हात धरतो. यात दह्याचा दोष थोडा, माझा फार.

मी रोह्याला एका कंपनीत शिफ्टला जातो आणि रविवारी कासूजवळच्या आमच्या गावात बारावीच्या पोरांना सीईटीचं गणित शिकवतो. माझी पात्रता एवढीच की ती परीक्षा मी दोनदा दिली आहे. पहिल्या खेपेला घामाने माउस हातातून निसटत होता आणि शेवटचा अर्धा तास मी स्क्रीनवरचं घड्याळ बघण्यात घालवला. अशा माणसाला गावात अनुभवी म्हणतात. पेणच्या नाक्यांवर क्लासवाल्यांचे फलक लागतात, पावडर थापलेले चेहरे आणि खाली टक्के. मला त्यांची किळस येते. म्हणून ठरवलं, आपण टक्के नाही, शांतता शिकवायची. "पेपरच्या दिवशी डोक्यात काही ठेवायचं नाही. सगळं मी बघतो," असं मी पोरांना छाती काढून सांगत असे. हे वाक्य आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

गेल्या एप्रिलमध्ये शेजारच्या मुलीचा पेपर होता, दुपारचा, सेंटर रोह्याला. आईबाप मिठागरावर, ऐन मीठ ओढायच्या दिवसांत त्यांना हलता येईना. म्हणून तिला न्यायचं माझ्याकडे आलं. तिला फार्मसीला जायचं होतं. घरच्यांनी सांगितलं होतं, यंदा नंबर लागला तर शिक, नाहीतर मावशीबरोबर हमरापूरला गणपती रंगवायला जा. काम काही वाईट नाही, पण तिला ते नको होतं. बोलून दाखवत नसे, नखं मात्र पार कुरतडून टाकली होती.

तिला ताण नको म्हणून हॉल तिकीट, आधार कार्ड, पेन, सगळं मी माझ्या सॅकमध्ये घेतलं. आणि आदल्या संध्याकाळी आळीच्या ग्रुपवर लिहिलं, "उद्या आपल्या लेकीचा पेपर. सर्वांनी धीर द्यावा."

धीर सकाळी वाट्यांतून आला. सगळी आळी दही-साखर घेऊन दारात.

"हात पुढे कर गो," सगळ्यांत पुढची काकी म्हणाली. "दही खाऊन निघालं का नाट लागत नाय."

मुलगी माझ्या कानाशी लागली, "दादा, मला दही बघूनच ओकारी येते."

"तिला नको असेल तर..." मी तोंड उघडलं.

"का रे? माझ्या दह्यात काय किडे हायत? माझ्या पोराला ह्याच दह्यावर नोकरी लागली!"

किडे नव्हते. शेजारच्या वाटीत मुंगी होती, साखरेला चिकटून मेलेली. एक दही गायीचं, एक म्हशीचं, एक पिशवीतल्या दुधाचं, आणि रात्रभर लाइट नसल्याने सगळीच आंबून फसफसलेली. मी हुशारीने स्टीलचा डबा पुढे केला. "ती गाडीत खाईल, काकी. यात घाला." सगळ्यांनी घातलं. आळीची मनं राखली गेली, मी स्वतःवर खूश.

दोन तास उशिरा आलेल्या रोह्याच्या रेल्वेगाडीत बसलो. नागोठणं आलं तेव्हा झाकण आपोआप वर येत होतं. उघडलं तर समोरच्या बाईने नाकाला पदर लावला.

"फेक ना दादा बाहेर," मुलगी म्हणाली.

मी डबा खिडकीशी नेला आणि हात तिथेच थबकला. मांजर आडवं गेलं तर त्याला काम असेल म्हणून समजा, असं दर रविवारी पोरांना सांगणारा मी. पण सगळ्या आळीचा शकुन रुळांवर फेकायचा, आणि उद्या हिचा नंबर नाही लागला तर? न जाणो!

"तुझ्या वतीने मी खातो."

"असं चालतं?"

"का नाही? पालकांची सही चालते ना?"

खाल्लं. मुंगीसकट.

रोह्याला उतरून रिक्षात बसलो आणि पोटात गिरणी सुरू झाली. एका खानावळीपाशी रिक्षा थांबवून मी मागच्या बाजूला धावलो. आत पाय ठेवताच कळलं, इथे आपल्याआधी अनेकांनी दही खाल्लेलं असावं. भिजलेली विडी, तरंगणारं टमरेल, दाराला खिळा नाही. सॅक गळ्यातच राहिली.

थोड्या वेळाने दारावर थाप पडली. "दादा, झालं का?"

"अजून वेळ आहे. लांब श्वास घे."

"श्वास? इथे? गेट बंद होईल, सॅक दे."

"दोन मिनिटं. घाबरू नकोस."

"मी नाय घाबरले, तूच घाबरलास! दारावरनं दे!"

दाराच्या वर वीतभर फट होती. उकिडव्या अवस्थेत, एका हाताने भिंत धरून (त्या भिंतीबद्दल मला बोलायचं नाही), मी सॅक वर सरकवली. पट्टा अडकला. तिने उडी मारून ओढला. मग पावलं, मग रिक्षा सुरू झाल्याचा आवाज, मग मी आणि माशा.

माझा फोनही सॅकमध्ये. ती वेळेत पोचली की नाही हे कळायला चालत सेंटरपर्यंत जाणं एवढाच मार्ग, आणि तो मार्ग मी फार सांभाळून चाललो. गेट बंद होतं. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "लाल ओढणीवाली? रिक्षावाला लांबूनच बोंबलत आला, थांबवा, थांबवा! तिच्यामागे गेट लावलं."

मी झाडाखाली बसलो. बाकीचे पालक कुठल्या कॉलेजला किती टक्के लागतात यावर भांडत होते. एका सज्जनाने माझा चेहरा बघून ग्लास पुढे केला. "ताक घ्या, बरं वाटेल." मी तोंडावर रुमाल दाबून भिंतीकडे वळलो.

संध्याकाळी ती बाहेर आली. सॅक तिच्याच खांद्यावर.

"कसा गेला?"

"केमिस्ट्री मस्त. गणित ठीक. जमेल असं वाटतं."

"शांत होतीस ना?"

"आत शांतच होतं रे. कोणी धीर द्यायला नव्हतं."

मी सॅक घ्यायला हात पुढे केला. तिने माझ्या हाताकडे बघितलं, नाक मुरडलं आणि सॅक दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"परवा माझ्या मैत्रिणीचा पेपर हाय. तिला मी घेऊन येईन."

"आणि मी?"

"तू शिफ्टला जा."