बदकं पडतात ती डब्बा टीव्हीवरच

मंडळी, लॅपटॉपवर माउसनं गेममधली बदकं टिपून मी स्वतःला लय भारी समजायचो.

आज जुना टीव्ही गेम आन् त्याची बंदूक घेऊन शिक्रापूरला मैत्रिणीच्या घरी गेलो. तिच्या वडिलांवर, आप्पांवर, छाप पाडायची होती. त्यांच्या एलईडीवर एक बदक पडंना. डोकं फिरलं, बंदूक आपटणारच होतो.

"कॉलेजसारखं हे बी अर्धवट सोडतो काय?" म्हणत आप्पांनी माळ्यावरचा डब्बा टीव्ही काढला. "ही बंदूक फक्त ह्यालाच ओळखती." आप्पांनी दहाच्या दहा पाडली राव!

मग म्हणाले, "आता तू. चहा होईस्तोवर बस."

माझी तीनच पडली. ती दारात हसत होती.

सरावाला कुणाकडं डब्बा टीव्ही पडून हाय का? आप्पांनी रविवारी परत बोलावलंय.