आपापला डबा

नातवंडं शाळेतून येऊन सांगतात, "आजी, आज अंगतपंगत होती," आणि माझं डोकं फिरतं. पोरांचा काय दोष? ती बिचारी एकमेकांच्या डब्यातलं ओढून ओढून खातात. पण मला हा शब्द पहिल्यांदा भेटला तो परळला, संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत, आणि तेव्हा त्यात ओढून खाणं नव्हतं.

आमच्या चाळीत सगळी आमचीच माणसं, नुकती बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. समोरच्या चाळीत मराठे, तेही आमच्यासारखेच रत्नागिरीकडचे. मध्ये पटांगण. त्यांच्याकडे सत्यनारायण असला की महाप्रसाद असायचा. ते आत पाटावर बसायचे, आम्ही जिन्याशी उभे. ओंजळ पुढे केली की वरून शिरा पडायचा. दीक्षेनंतर आईनं देव उतरवले, त्यांच्याबरोबर नैवेद्य, प्रसाद, उद्यापन हे शब्दही घरातून गेले.

"मग आपण माणसं बोलावली तर त्याला काय म्हणायचं?" मी एकदा विचारलं.

"जेवण," आई म्हणाली. "जेवायला या, एवढं पुरे."

तशी वेळ आली. सत्याग्रहात माझा थोरला भाऊ आणि समोरच्या चाळीतला त्याचा मित्र एकाच दिवशी पकडले गेले, एकाच कोठडीत राहिले आणि बरोबरच सुटणार होते. दोन्ही चाळींनी मिळून मोर्चे काढले होते, लाठ्याही मिळून खाल्ल्या होत्या. आई म्हणाली, पोरं सुटली की दोन्ही चाळींना मी जेवण घालणार. ती स्वतः आमंत्रण द्यायला गेली, मला घेऊन. मित्राच्या आईला सगळी चाळ काकी म्हणायची. काकी दारातच उभ्या राहिल्या. "येऊ की," म्हणाल्या, पण आमच्या डोक्यावरून पलीकडे बघत.

सुटकेच्या दिवशी सकाळीच त्यांच्याकडचा एक कार्यकर्ता आला. गोड माणूस, फार गोड. "वैनी, एवढ्या माणसांचं कशाला करता? अंगतपंगत करूया. ज्यानं त्यानं आपापला डबा आणायचा. एकत्र बसलो म्हणजे झालं की नाही?"

काळे वाटाणे रात्रीच भिजत घातले होते. तो गेल्यावर बाबा हळूच म्हणाले, "चालेल म्हण. आत्ता चळवळीत फूट नको."

"फूट मी पाडत्येय?" आई एवढंच म्हणाली आणि चूल पेटवली. तिनं सगळ्यांचा स्वयंपाक केला. वाटाण्याची उसळ आणि गूळ-खोबऱ्याचा गोड भात. मला तिचा राग आला होता. एवढं करून कोणी खाल्लं नाही तर तोंड कुठं लपवायचं, हेच माझ्या मनात घोळत होतं.

ऊन उतरल्यावर पटांगणात पत्रावळी मांडल्या. पोरांना हार घातले, घोषणा झाल्या, सगळे बसले. समोरच्या चाळीतल्यांनी पत्रावळींवर आपापले डबे ठेवले. झाकण मात्र कोणी उघडेना, कारण आमच्याकडे काय नि त्यांच्याकडे काय, वाढणारी शेवटच्या पानापर्यंत पोचल्याशिवाय घास उचलायचा नाही, ही रीत एकच. आणि आई गोड भाताचं पातेलं घेऊन उभी होती.

ती समोरच्या चाळीतल्या पहिल्या पानाशी वाकली. त्या माणसानं पानावर हात आडवा धरला. "पुरे वैनी, पोट भरलंय." अजून घास खाल्ला नव्हता त्यानं! दुसऱ्यानंही हात आडवा धरला, मग तिसऱ्यानं. तो गोड कार्यकर्ता तर हात आडवा धरून वर हसला. आमच्या चाळीतली माणसं मान खाली घालून बसली. भावाच्या कानशिलाची शीर उडताना मला दिसत होती. हा आता उठणार आणि सगळ्याचा विचका होणार, अशी मला खात्री वाटली.

आई भावाला वाढून त्याच्या मित्रापुढे आली. त्यानं आपला डबा उचलून खाली मातीत ठेवला. "वाढ मावशी. आत तुझा पोरगा न् मी एकाच थाळीत जेवलो."

समोरच्या ओळीतून काकी अर्धवट उठल्या. त्या उठल्या असत्या तर त्यांची अख्खी चाळ उठली असती. मांडल्या पानावरून उठणं म्हणजे यजमानाच्या तोंडात मारणं. आई तशीच चालत त्यांच्या पानाशी गेली. काकी पुन्हा टेकल्या, पण त्यांचाही हात आडवा आला. आई पुढे सरकली नाही. जड पातेलं तिनं कमरेवर टेकवलं.

शेवटी काकीच चिडल्या. "काय गो, आमचा धर्म बुडवशील तेव्हाच हलशील? मी वाढलेलं तू खाशील काय?"

"तुमचं तर जन्मभर खाल्लंय काकी," आई म्हणाली. "उभ्यानं. आज बसून खाईन, वाढा."

आणि तिनं पातेलं माझ्या हातात दिलं, काकींच्या समोर मातीतच मांडी घातली आणि एक रिकामी पत्रावळ पुढ्यात ओढली. काकी तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी डबा उघडला, अर्धी भाकरी मोडली आणि वाकून आईच्या पानावर ठेवली. टाकली नाही, ठेवली. आईनं तुकडा मोडला. माझ्याकडे न बघता काकी म्हणाल्या, "बघत काय उभी राहिलीस? वाढ."

मी त्यांच्या पानावर गोड भात वाढला. तो पार निवला होता. रीत मोडून काकींनी तिथंच एक घास खाल्ला, मग दुसरा. पुढच्या पानावर हात आडवाच होता, त्याच्या पुढच्याही. मी प्रत्येक पानाशी थांबले, वाकले आणि मोठ्यानं विचारलं, "वाढू?"