निमजेकाका आणि बपेऱ्याकडची दुपारची गाडी

निमजेकाका काल सकाळी गेले, आणि मंगळवारची मीटिंग त्यांनीच लावून ठेवली आहे.

चहा झाला, पेपर वाचला, आणि खुर्चीतच...

काकू म्हणाल्या, "कोनाले तरास नाही देला माणसानं."

वय झालं होतं. मनासारखं जगूनही झालं होतं. म्हणून हे लिहिताना रडू कमी आणि हसू जास्त येतंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी नागपुरात एका छोट्या थिंक टँकमध्ये रिसर्च करते. सरकारने परवाने कमी करावेत, लोकांना आपापला धंदा मोकळेपणाने करू द्यावा, हे आम्ही राज्यभर फिरून, अभ्यास करून मांडतो.

काका आमचे भंडाऱ्याचे कोऑर्डिनेटर.

आणि हा माणूस कोण? विणकराच्या घरात जन्म, जवाहरनगरच्या सरकारी फॅक्टरीत अख्खी नोकरी, वर युनियनचा पुढारी!

आमच्या संस्थेच्या प्रमुखांचा, म्हणजे सरांचा, एक लेख वाचून ते ऑफिसात आले होते, ते भांडायलाच.

"अर्धा लेख चुकीचा आहे," खुर्ची ओढत म्हणाले. "बाकीच्या अर्ध्यासाठी आलो."

आले ते राहिलेच.

काकू चिडवायच्या, "जलमभर सरकारचा पगार खाल्ला, आता सरकारलेच म्हणते बाजूले सरक!"

काका खो खो हसायचे.

त्यांचं एक काम सांगते.

बपेऱ्याकडे, मध्य प्रदेशच्या सीमेला लागून एक गाव आहे. तिथून तुमसरला सकाळी सरकारी बस जायची आणि संध्याकाळी परतायची. मधे काही नाही. कॉलेजच्या पोरी दुपारी मोकळ्या व्हायच्या आणि अंधार पडेपर्यंत स्टँडवर बसायच्या. काहींचं कॉलेज घरच्यांनी बंदच केलं.

गावातल्या सुनीता पटलेंनी एक जुनी व्हॅन घेतली आणि दुपारी पोरींना आणायला लागल्या. स्वतः चालवायच्या.

गाडी पकडली गेली. त्या रस्त्यावर प्रवासी घ्यायचा परवाना त्यांना मिळेना, कारण मार्ग सरकारी बसचा. बस दुपारी नसली तरी मार्ग बसचाच.

आम्हाला तर आयतीच केस मिळाली. मी जोरात सरकारला द्यायचा पेपर लिहायला घेतला: सगळे मार्ग सगळ्यांना खुले करा.

काका म्हणाले, "पहिले गावात सभा घेऊ."

आणि सभेला त्यांनी कोणाला बोलावलं? रमेशला. स्वतःच्या धाकट्या भावाला. तो सरकारी बसवर कंडक्टर.

सर वैतागले. "विरोधकांना कशाला?"

"आपल्याच माणसाइच्या टाळ्या ऐकाच्या असन तर वाढदिवस करा ना सर. सभा कायले करता?"

सभेत रमेशभाऊ उठले आणि सगळ्यांसमोर मोठ्या भावावर बरसले.

"दादा, तू पेन्शनवर बसला. आमची नोकरी बाकी आहे. उद्या ह्या गाड्या गर्दीचे रस्ते धरतीन. मंग ह्या जंगलातल्या गावाले कोन येईन? तुई संस्था?"



काका माझ्याकडे वळले. "खरं बोलून राहिला तो. लिहून घे."

मग एक पोरगी उठली. प्रणाली नाव. घरच्यांनी कॉलेज बंद केलेल्यांपैकी.

"काका, बस कोनाची आहे, मले काही घेणंदेणं नाही. मले शिकाचं आहे, आन उजेडात घरी याचं आहे."

रमेशभाऊ खाली बसले. पण मनातून गेलं नाही. दिवाळी आली तरी दोघा भावांचं बोलणं बंद. काकूंनी फराळाचा डबा पाठवला, तो तसाच परत आला.

काकांनी मला पेपर बदलायला लावला. सगळे मार्ग नाहीत. जिथे आणि ज्या वेळी बस जात नाही, तिथे गावातल्या गाडीला परवानगी. बस सुरू असलेल्या वेळा तशाच राहू द्या.

सर म्हणाले, "हे अर्धवट झालं. आपलं तत्त्व काय?"

"सर, तत्त्व तुमचं पक्कं आहे. पोरगी घरी बसून आहे."

सर्वांवर कडी म्हणजे तो मसुदा काका सरांच्या आधी रमेशभाऊंकडे घेऊन गेले. मी सोबत होते. वहिनींनी दार उघडलं. रमेशभाऊ आतून येईनात.

काका ओट्यावरच बसले आणि मोठ्यानं वाचायला लागले. चुकीचं वाचायचे, मुद्दाम!

शेवटी आतून आवाज आला, "असं नसते रे दादा ते! आन इकडं."

दोघं दुपारभर त्यावर बसले. वहिनींनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

पुढे कितीतरी हेलपाटे झाले. साहेब बदलले. काका प्रत्येक नव्या साहेबासमोर पहिल्यापासून तेवढ्याच उत्साहाने सुरू व्हायचे. आणि मिळाली. त्या मार्गावर दुपारच्या वेळेची परवानगी मिळाली.

सुनीताताईंची गाडी आजही धावते. गर्दीचे रस्ते कोणी धरले नाहीत. सकाळच्या बसमध्ये रमेशभाऊच पोरींना सांगतात, "दुपारी पटलेबाईची गाडी आहे, स्टँडवर टाइमपास नोका करू."

प्रणाली आता शेवटच्या वर्षाला आहे.

आमच्या संस्थेचे पेपर मोठमोठ्या टेबलांवर जातात. किती वाचले जातात, देव जाणे. पण एका गावात दुपारी हॉर्न वाजतो, तो मी स्वतः ऐकलाय.

काल अंत्यसंस्कारानंतर कारध्याच्या घाटावरच शोकसभा झाली. सर बोलले. युनियनवाले बोलले. प्रणालीही बोलली.

रमेशभाऊ उठले. वैनगंगेकडे तोंड करून उभे राहिले.

मग एवढंच म्हणाले, "आता माह्याशी भांडाले घरात कोनी नाही."

आणि खाली बसले.

काका, भरल्या मनानं निरोप देते. सुखानं जा.